दोन भोजनगृहें : एक निळें, एक पिवळें

चित्रावर टीका लिहिणारे पुष्कळ आहेत. मूर्तीवर आहेत, इमारतीवर आहेत. परंतु ज्या चार भिंतींच्या आंत माणसाचें अर्धें आयुष्य जातें त्या भिंतींच्या रंगाची दखल सहसा कोणी टीकाकार घेत नाहीं. घराला रंग द्यावयाचा झाला म्हणजे जी चर्चा होते ती दराची, टिकाऊपणाची, आणि फार झालें तर शेजारच्या बिऱ्हाडानें कोणता रंग लावला याची. 'निळा बरा, कीं पिवळा?' असा प्रश्न निघतो. वडील माणसें एक सांगतात, मुलें दुसरें सांगतात. आणि दोन्ही पक्ष दमले म्हणजे 'ज्याची त्याची आवड' या वाक्यानें वादावर पडदा पडतो. हें वाक्य वाद मिटविण्यास सोयीचें असलें तरी विचार करण्यास सोयीचें नाहीं. आवड ही ज्याची त्याची असते हें खरें. पण खोली एकट्याची क्वचितच असते, आणि तिचा रंग तर एकट्याचा कधींच नसतो. तो उजेडाचा असतो, वेळेचा असतो, समोरच्या भिंतीचा असतो आणि तेथें बसणाऱ्या सगळ्यांचा असतो.

हें विधान नुसतें करून पटणार नाहीं. त्याला उदाहरण हवें. सुदैवानें असें एक उदाहरण पाश्चात्त्य कलेच्या इतिहासांत तयार आहे. एकोणिसाव्या शतकांत उदयास आलेल्या दोन थोर चित्रकारांच्या नांवावर दोन भोजनगृहें आहेत. एक लंडनमध्यें निर्माण झालें, तें निळें. दुसरें फ्रान्समधील एका खेड्यांत, तें पिवळें. निळ्याचा कर्ता जेम्स मॅक्नील व्हिस्लर (१८३४–१९०३), जन्मानें अमेरिकन. पिवळ्याचा क्लोद मोने (१८४०–१९२६), फ्रेंच. व्हिस्लरनें आपली खोली स्वतः कुंचला हातीं घेऊन रंगविली. मोनेनें आपल्या पसंतीनें रंगवून घेतली. दोघेही जपानी चित्रकलेचे भक्त, आणि दोघांच्याही खोल्यांत पूर्वेकडील कलावस्तूंना मानाचें स्थान. प्रयोजन एक, दीक्षा एक, आणि रंग मात्र परस्परांच्या अगदीं उलट. तुलनेला याहून सोयीची जोडी मिळणें कठीण.

प्रथम निळी खोली पाहूं. लिव्हरपूलचा धनाढ्य जहाजमालक फ्रेडरिक लेलंड यानें लंडनच्या प्रिन्सेस गेट भागांतील आपलें घर सजविण्यास काढलें होतें. भोजनगृहाचें काम टॉमस जेकिल या वास्तुशिल्पज्ञाकडे होतें. त्यानें भिंतींना सोनेरी वर्खाचें जुनें नक्षीदार कातडें मढविलें, त्यापुढें अक्रोडाच्या लांकडाचे बारीक उभ्या-आडव्या पट्ट्यांचे कप्पे उभारले, आणि त्यांत लेलंडच्या संग्रहांतील निळीं-पांढरीं चिनी भांडीं मांडावयाचीं असें ठरलें. शेकोटीच्या वर व्हिस्लरचें एक चित्र होतें. जपानी झगा ल्यालेली एक गोरी तरुणी त्यांत उभी आहे; चित्राचें नांव 'चिनी मातीच्या देशाची राजकन्या'.

१८७६ सालीं दारें आणि खिडक्यांच्या झडपा यांना कोणता रंग द्यावा याबद्दल व्हिस्लरचा सल्ला विचारण्यांत आला, आणि येथूनच पुढील प्रकरण उद्भवलें. कातड्यावरील तांबडीं फुलें आपल्या राजकन्येला मारक होतात असें व्हिस्लरचें मत पडलें. त्यांवर थोडा पिवळा हात फिरविण्याची त्यानें परवानगी मागितली, ती लेलंडनें दिली आणि तो लिव्हरपूलला निघून गेला. व्हिस्लरचा हात मात्र थांबेना. छतावर सोनें चढलें आणि त्यावर मोरपिसांची नक्षी उमटली. झडपांवर लांब पिसाऱ्यांचे सोनेरी मोर आले. आणि अखेरीस तें मौल्यवान कातडें निळ्या रंगाखालीं गडप झालें. हा निळा आकाशाचा नव्हे. मोराच्या मानेवरचा, हिरव्याकडे झुकणारा, खोल डोहाच्या पाण्यासारखा निळा. काम चालूं असतांच, घरमालकाच्या गैरहजेरींत, व्हिस्लरनें त्याच्या घरीं पाहुणे आणि वृत्तपत्रकार बोलावून त्यांना ही खोली दाखविण्यास आरंभ केला.

मोबदला म्हणून व्हिस्लरनें दोन हजार गिनी मागितल्या. लेलंडनें निम्मी रक्कम देऊं केली. पण ती एक हजार गिनी नव्हे, एक हजार पौंड. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग आणि पौंड म्हणजे वीस. हा फरक एका शिलिंगाचा होता, पण इंग्रजी शिष्टाचाराप्रमाणें चित्रकारासारख्या सभ्य व्यावसायिकाला गिनीच्या हिशेबानें देत आणि कारागिराला पौंडाच्या. शिलिंगापेक्षां हा अपमान व्हिस्लरला झोंबला. त्यानें राजकन्येच्या समोरच्या भिंतीवर दोन भांडणारे मोर काढले. एकाच्या पायांशीं चांदीचीं नाणीं विखुरलीं, दुसऱ्याच्या डोक्यावर, स्वतःच्या प्रसिद्ध पांढऱ्या बटेची खूण म्हणून, एक रुपेरी पीस उभें केलें, आणि त्या भिंतीला 'कला आणि पैसा' असें नांव दिलें. १८७७ च्या मार्चमध्यें काम संपलें. दोघांची मैत्री त्याआधींच संपली होती.

आतां पिवळी खोली. १८८३ सालीं मोने सेन नदीच्या कांठाजवळच्या जिव्हेर्नी गांवीं भाड्याच्या घरांत राहावयास आला. त्याच्याबरोबर त्याचीं दोन मुलें, अलीस ओशदे ही स्त्री आणि तिचीं सहा मुलें होतीं. अलीसचा पती एके काळीं मोनेच्या चित्रांचा मोठा ग्राहक होता, पण पुढें त्याचें दिवाळें निघालें. अशा या दोन मोडक्या संसारांचा मिळून एक झालेला दहा माणसांचा संसार होता. १८९० मध्यें मोनेनें तें घर विकत घेतलें आणि १८९२ मध्यें त्याचा अलीसशीं विवाह झाला. त्या काळच्या सुखवस्तु फ्रेंच घरांतील भोजनगृह म्हणजे काळसर लांकूड, जड पडदे आणि गर्द रंगाच्या भिंती. मोनेनें हें सारें दूर करून खोलीला पिवळ्याच्या दोन छटा दिल्या, एक फिकी आणि एक उजळ. भिंतीच पिवळ्या केल्या असें नव्हे, तर कपाटें आणि खुर्च्याही पिवळ्या केल्या. भिंतींवर होकुसाइ, हिरोशिगे, उतामारो यांचीं ठशांचीं जपानी चित्रें लावलीं. घरांतील त्याचा हा संग्रह दोनशेंहून अधिक चित्रांचा होता. जेवणाचीं भांडीं त्यानें मुद्दाम घडवून घेतलीं, तीं पांढरीं, रुंद पिवळ्या कांठाचीं आणि बारीक निळ्या कडेचीं. शेजारचें स्वयंपाकघर मात्र निळें. तेथें भिंतींना निळ्या-पांढऱ्या फरशा आणि त्यांवर तांब्याच्या पातेल्यांची ओळ. पिवळ्या खोलींतून दार उघडलें कीं पलीकडची निळाई दिसते.

निळा आणि पिवळा या दोन रंगांविषयीं सर्वांत विचारपूर्वक लिहिणारा मनुष्य म्हणजे जर्मन महाकवि गटे. त्याचा रंगविषयक ग्रंथ १८१० सालीं प्रसिद्ध झाला. न्यूटनच्या विरुद्ध त्यांत त्यानें जें पदार्थविज्ञान मांडलें तें टिकलें नाहीं. पण रंगांचा मनावर होणारा परिणाम सांगणारा त्याचा भाग आजही वाचनीय आहे. त्याच्या मतें पिवळा हा प्रकाशाच्या सर्वांत जवळचा रंग; तो प्रसन्न आणि ऊब देणारा आहे, पण त्याला थोडा मळ लागला कीं तो लागलाच ओंगळ दिसतो. निळा हा अंधाराच्या जवळचा. दूरचे डोंगर आणि उंच आकाश निळें दिसतें, म्हणून निळी भिंत डोळ्यांपासून मागें सरकल्यासारखी वाटते आणि आपल्याला मागोमाग ओढते. अशी खोली मोठी भासते खरी, पण त्याचबरोबर रिकामी आणि थंड वाटते, असा गटेचा निर्णय आहे.

या मापानें पाहतां व्हिस्लरचें कसब लक्षांत येतें. निळ्याचा रितेपणा तो जाणून होता, म्हणूनच त्यानें निळा एकटा ठेवला नाहीं. त्याला सोन्याची जोड दिली. भिंत मागें सरते आणि सोनेरी रेघ पुढें येते. भिंत अंधार धरते आणि सोनें उजेड पकडतें. या ओढाताणींतून खोलीला अशी खोली आली आहे कीं जी कोणत्याही कातड्याला किंवा कागदाला आणतां आली नसती. पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. जेकिलनें या खोलीच्या छतापासून गॅसचे दिवे लोंबत सोडले होते. दिव्याच्या पिवळट ज्योतींत निळा प्रकाश थोडा असतो. त्यामुळें तीत निळा रंग काळवंडतो आणि सोनें मात्र पेटून उठतें. म्हणजे ही रात्रीची खोली आहे. भिंती अंधारांत बुडाव्या, पिसारे तेवढे लखलखावे, आणि त्या मध्यें वरच्या थरांतील पाहुण्यांनीं हलक्या आवाजांत बोलावें, अशी तिची योजना आहे. दिवसाच्या उजेडांत तिचा हिरवटपणा वर येतो आणि ती निराळीच दिसूं लागते.

मोनेची खोली नेमकी याच्या उलट, म्हणजे दुपारची. मोने पहांटे उठणारा आणि लवकर निजणारा मनुष्य. त्याच्या घरीं दुपारचें जेवण साडेअकराला होई आणि त्यांत मिनिटाचा फरक खपत नसे. कारण सकाळचा उजेड आणि दुपारचा उजेड या दोहोंच्या मध्यें जी सवड सांपडेल तींत जेवण उरकावयाचें असे. पाहुण्यांनाही तो दुपारींच बोलावी. बाहेर बागेंत ऊन, आणि आंत उन्हाच्याच जातीच्या भिंती. येथें पिवळ्याचा एक गुण कामास येतो. भिंतीवर पडलेला प्रकाश समोरच्या भिंतीवर जातो, तेथून परत येतो, आणि प्रत्येक फेरींत भिंत आपला रंग त्यांत मिसळते. म्हणून नमुन्याच्या चिठ्ठीवर सौम्य दिसणारा रंग चार भिंतींवर चढला कीं दुप्पट गर्द वाटतो. निळ्याच्या बाबतींत या क्रियेनें खोली अधिक गंभीर होते. पिवळ्याच्या बाबतींत हवाच पिवळी झाल्यासारखी वाटते. तिच्यांत बसलेल्या माणसांचे चेहरे उजळतात. मात्र दिव्याच्या उजेडांत पिवळा फिका पडून पांढऱ्याच्या जवळ जातो; मोनेला त्याची तमा बाळगण्याचें कारण नव्हतें.

फ्रेंच रसायनज्ञ शेव्हरल यानें १८३९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत एक सिद्धांत मांडला आहे. दोन रंग शेजारीं ठेवले असतां प्रत्येक जण दुसऱ्याला आपल्यापासून दूर लोटतो. पिवळ्याशेजारीं निळा किंचित् जांभळट होतो आणि निळ्याशेजारीं पिवळा किंचित् नारिंगी. जिव्हेर्नीचें तें दार हा या सिद्धांताचा सुरेख प्रयोग आहे. पिवळ्यांत बसलेल्याचे डोळे थकण्याच्या आंत त्यांना दारांतून निळ्याचा विसांवा मिळतो. आणि त्या निळ्यावर तांब्याचीं पातेलीं आपला तांबूस-नारिंगी रंग पुरेपूर उधळतात. व्हिस्लरनें विरोध एका भिंतीवर साधला; मोनेनें तो दोन खोल्यांत वांटला. पहिला प्रकार अधिक भेदक आहे, दुसरा अधिक सुसह्य.

मग या दोहोंत श्रेष्ठ कोणतें? कलाकृति म्हणून निळें भोजनगृह निःसंशय श्रेष्ठ आहे. पिवळ्या खोलींत मोनेची रसिकता आहे. निळ्या खोलींत व्हिस्लरची प्रतिभा आहे. परंतु भोजनगृह ही वस्तु नुसती पाहावयाची नसून तींत बसून जेवावयाचें असतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे निकाल उलटा लागतो. व्हिस्लरच्या खोलींत प्रत्येक गोष्ट राजकन्येच्या चित्राच्या सेवेला लावलेली आहे. ज्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांसाठीं कप्पे केले होते, त्यांच्यातील निळा निळ्या भिंतींत विरतो आणि पांढरा तेवढा उरतो. म्हणजे मालकाचा संग्रह मालकाच्याच घरांत दुय्यम ठरला. जेकिलचें काम तर रंगाखालीं गेलेंच. येथें जेवावयास बसणारा मनुष्य हा दुसऱ्याच्या चित्रांत शिरलेला परका आहे, आणि समोरच्या भिंतीवर त्याच्या यजमानाची थट्टा सोन्यानें रंगविलेली आहे.

कोणी म्हणेल कीं हुकूमशाही मोनेच्या खोलींतही कमी नाहीं. ज्यानें खुर्चीलासुद्धां स्वतःचा रंग ठेवूं दिला नाहीं त्याला उदार कसें म्हणावें? आक्षेप खरा आहे. पिवळ्याच्या त्या पुरांत दुसऱ्या कोणाची आवड तरंगत राहिली असेल असें वाटत नाहीं. पण दोहोंत एक मोठा फरक आहे. मोने आपला हट्ट घेऊन त्याच टेबलाशीं रोज बसत होता. आठ मुलें, पत्नी आणि पाहुणे यांच्याबरोबर त्या रंगाचें सुखदुःख भोगत होता. व्हिस्लर रंग लावून निघून गेला. ज्याला त्या रंगांत राहावयाचें नाहीं त्यानें दुसऱ्याच्या भिंतीवर किती प्रतिभा दाखवावी, हा या प्रकरणांतील खरा प्रश्न आहे, आणि तो निळ्या-पिवळ्याच्या प्रश्नाहून मोठा आहे.

तथापि या कथेचा शेवट व्हिस्लरच्या बाजूनें किंवा विरुद्ध इतका सरळ लागत नाहीं. कारण लेलंडनें ती खोली पुसून काढली नाहीं. पैसा त्याच्यापाशीं होता, राग होता, आणि रंगाऱ्यांची लंडनमध्यें वाण नव्हती. तरीही १८९२ मध्यें मृत्यु येईपर्यंत, म्हणजे पंधरा वर्षें, त्यानें ती खोली जशीच्या तशी ठेवली आणि आपल्या अपमानाचे ते मोर भिंतीवर नांदूं दिले. पैसा या नांवानें ज्याला व्हिस्लरनें रंगविलें त्याच्या ठिकाणीं कलेची ओळख होती, हें त्या भिंतीनेंच सिद्ध केलें. पुढें १९०४ मध्यें चार्ल्स फ्रीअर या अमेरिकन संग्राहकानें ही सबंध खोली विकत घेऊन डेट्रॉइटला आपल्या घरीं नेली. त्याच्या मृत्यूनंतर ती वॉशिंग्टनला गेली, आणि १९२३ मध्यें उघडलेल्या फ्रीअर कलासंग्रहालयांत ती ठेवण्यांत आली. जिव्हेर्नीचें घर मोनेच्या मुलानें १९६६ मध्यें फ्रेंच कला अकादमीच्या स्वाधीन केलें, आणि दुरुस्तीनंतर १९८० मध्यें तें लोकांस खुलें झालें. आज दोन्ही भोजनगृहांत कोणी जेवत नाहीं. पण पहिलें लंडनमधून उचलून महासागरापार नेलें तरी त्याचें कांहीं बिघडलें नाहीं, उलट संग्रहालयांत तें आपल्या जागीं आल्यासारखें वाटतें. दुसरें त्याच्या बागेपासून आणि त्या निळ्या स्वयंपाकघरापासून तोडलें असतें तर चार पिवळ्या भिंतींपलीकडे त्यांत कांहींच उरलें नसतें. चित्र आणि घर यांतील अंतर याहून स्पष्ट दाखवितां येणार नाहीं.

हा न्याय आपल्या घरांना लावतांना एक गोष्ट विसरूं नये. गटेनें निळ्याला थंड म्हटलें तें वायमारसारख्या थंड प्रदेशांत बसून. तेथें थंडपणा हा दोष होता. वैशाखांतल्या दुपारीं कडक उन्हांतून घरांत पाऊल टाकणाऱ्याला तोच दोष वरदान वाटेल. आपल्या जुन्या घरांत चुन्यामध्यें नीळ कालवून भिंती सारवीत. तिचा पहिला हेतु चुन्याचा पिवळेपणा मारून तो शुभ्र दिसावा हा असला, तरी नीळ थोडी सढळ हातानें पडली कीं भिंतीला येणारी ती फिकट निळाई डोळ्यांना गारवा देई, आणि तिच्यापुढें फळीवरचीं तांब्यापितळेचीं भांडीं अशीं झळकत कीं मोनेच्या स्वयंपाकघराची आठवण व्हावी. पिवळ्यासाठीं पिवडी होती. ती मातीचाच एक प्रकार, स्वस्त आणि उन्हाला न भिणारी. निळा मात्र एके काळीं श्रीमंतांचा रंग होता. १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्यें कृत्रिम अल्ट्रामरीन तयार होऊं लागलें, आणि तें चुन्यांतही टिकणारें असल्यामुळें निळी भिंत गरिबाच्याही आवांक्यांत आली. आतां तर दिव्याचा उजेडसुद्धां निवडतां येतो. २७०० केल्व्हिनचा पिवळट दिवा लावला तर रात्रीं निळी भिंत काळवंडेल, ६५०० चा पांढरा लावला तर ती निळीच राहील, पण जेवणाऱ्यांचे चेहरे निस्तेज दिसतील.

तेव्हां निळा कीं पिवळा हें ठरविण्यापूर्वीं तीन गोष्टी विचाराव्या. त्या खोलींत माणसें कोणत्या प्रहरीं बसतात? त्या वेळीं तेथें उजेड कोठून आणि कसा येतो? आणि ती खोली पाहुण्यांनीं पाहावयाची आहे, कीं घरच्यांनीं बसावयाची? तिन्हींचीं उत्तरें मिळालीं म्हणजे रंग बहुधा आपोआप ठरतो. आमचें मत विचाराल तर जेथें घरचीं सगळीं माणसें दिवसाउजेडीं एकत्र बसतात त्या खोलीला पिवळा द्यावा, पण फिका. आणि जेथें एकट्यानें पडून राहावयाचें, वाचावयाचें किंवा दुपारची झळ टाळावयाची त्या खोलीला निळा. दोन्ही हवेसे वाटत असतील तर एकाच भिंतीवर त्यांची झुंज लावूं नये. मध्यें एक दार असूं द्यावें. आणि रंग निवडण्याचें काम घरांतील ज्या कोणाकडे येईल त्यानें आधीं पाहून घ्यावें, कीं त्या भिंतींपुढें रोज बसणाऱ्या इतरांना कोणी विचारलें आहे काय.